मूत्राशयाचा कॅन्सर आणि मलमाला न जुमानणारा चट्टा

मूत्राशयाच्या कॅन्सरवर उपचार झालेल्या माणसाला लघवीत रक्त दिसलं की तो त्याच दिवशी युरोलॉजिस्टला फोन करतो. जांघेत किंवा गुप्तांगावर खाज सुटली तर मात्र मेडिकलमधून नायट्याचं मलम आणतो. बहुतेकांच्या बाबतीत त्यात फारसं बिघडत नाही. आपल्या दमट हवेत जांघेतली खाज बहुधा बुरशीचीच असते. पण मोजक्या रुग्णांमध्ये तो चट्टा बुरशीचा नसतो आणि एक्झिमाही नसतो. मूत्राशयातल्या किंवा मूत्रमार्गातल्या कॅन्सरच्या पेशी त्वचेच्या वरच्या थरात शिरून तिथे पसरलेल्या असतात. या आजाराला एक्स्ट्रामॅमरी (म्हणजे स्तनाबाहेरचा) पॅजेट म्हणतात, आणि तो आतल्या कॅन्सरमधून आला असेल तर 'दुय्यम' पॅजेट.

जेम्स पॅजेट या इंग्लिश सर्जननी १८७४ मध्ये स्तनाग्रावरच्या एक्झिमासारख्या चट्ट्यांचं वर्णन केलं. त्या बायकांना पुढे स्तनाचा कॅन्सर झालेला आढळला होता. १८८९ मध्ये रॅडक्लिफ क्रॉकर यांनी तसाच चट्टा एका पुरुषाच्या शिश्नावर आणि अंडकोशाच्या त्वचेवर असल्याची नोंद केली. त्या रुग्णाला मूत्राशयाचा कॅन्सर होता. म्हणजे स्तनाबाहेरच्या पॅजेटची अगदी सुरुवातीची नोंदच या जोडीची आहे. तरीही आज हे निदान उशिरा होतं, कारण चट्टा एका डॉक्टरकडे जातो आणि मूत्राशय दुसऱ्याकडे.

पेशी त्वचेपर्यंत पोचतात कशा

किडनीतला लघवी गोळा होणारा भाग, तिथून खाली येणाऱ्या दोन नळ्या, मूत्राशय आणि मूत्रमार्गाचा सुरुवातीचा भाग या सगळ्यांना आतून एकाच प्रकारचं अस्तर असतं. त्याला युरोथेलियम म्हणतात. मूत्राशयाचे बहुतेक कॅन्सर याच अस्तराचे. निदान होतं तेव्हा चारांतले साधारण तीन कॅन्सर वरवरचे, म्हणजे स्नायूपर्यंत न पोचलेले असतात. ते दुर्बिणीतून खरवडून काढता येतात, पण पुन्हापुन्हा उगवतात. युरोपातल्या जुन्या चाचण्यांमधल्या रुग्णांची आकडेवारी एकत्र करून २००६ मध्ये जे कोष्टक तयार झालं, त्यात ५ वर्षांत आजार परतण्याची शक्यता धोक्याच्या पातळीनुसार ३१ ते ७८ टक्के अशी मांडली आहे. संपूर्ण अस्तरच बिघडायला तयार झालेलं असतं, म्हणून असं होतं.

यातला सगळ्यात फसवा प्रकार म्हणजे कार्सिनोमा इन सिटू. त्यात गाठ उभी राहत नाही. अस्तरावर लालसर, मखमलीसारखा सपाट भाग दिसतो, कधीकधी तोही दिसत नाही. या पेशी अस्तरातल्या अस्तरात सरकत मूत्रमार्गात उतरू शकतात. स्त्रीचा मूत्रमार्ग जेमतेम ४ सेंटीमीटर लांब असतो आणि त्याचं तोंड थेट योनीमुखाच्या नाजूक त्वचेला लागून असतं. म्हणून दुय्यम पॅजेटच्या नोंदी स्त्रियांमध्ये योनीमुखाभोवतीच्या त्वचेवर अधिक आहेत. पुरुषाचा मूत्रमार्ग साधारण २० सेंटीमीटरचा. तिथे चट्टा शिश्नाच्या बोंडावर, लघवीच्या छिद्राभोवती सुरू होतो.

त्वचेत शिरल्यावर या पेशी सुरुवातीला खोल जात नाहीत. एपिडर्मिस या सर्वांत वरच्या थरात, निरोगी पेशींच्या मधून वाट काढत आडव्या पसरतात. पावसाळ्यात भिंतीत ओल चढते तेव्हा रंगाचा पोपडा हातभर जागेत सुटलेला दिसतो, पण आत भिंत त्याच्या कितीतरी पलीकडे भिजलेली असते. इथे तसंच असतं. डोळ्यांना दिसणारी कड ही आजाराची कड नसते, आणि शस्त्रक्रियेनंतर चट्टा परत येण्याचं एक मोठं कारण हेच आहे.

मूत्राशय काढून टाकलं म्हणजे हा धोका संपला, असं अनेक रुग्ण धरून चालतात. मूत्रमार्ग मागे ठेवला असेल तर त्याचं अस्तरही मागे राहिलेलं असतं. अशा व्यक्तीला मूत्रमार्गातून रक्ताचा थेंब आला किंवा छिद्राभोवती लाल चट्टा आला, तर तपासणी लगेच हवी. चट्टा कॅन्सरच्या उपचारानंतर काही महिन्यांनी येऊ शकतो, काही वर्षांनीही येऊ शकतो. क्वचित तो आधी येतो आणि त्याच्या मागावर गेल्यावर मूत्राशयातला आजार सापडतो.

दिसायला कसा असतो

लाल किंवा गुलाबी चट्टा, बऱ्यापैकी स्पष्ट कड, वर पांढुरका ओलसर पापुद्रा. लाल भागावर मधूनमधून पांढरं दिसतं. सावळ्या त्वचेवर लाली नीट कळत नाही. तिथे चट्टा तपकिरी, करडा किंवा नुसताच आजूबाजूपेक्षा गडद वाटतो. खाज हे मुख्य लक्षण. मग जळजळ, खाजवून सोलवटणं, कपड्याला लागणारा पाण्यासारखा किंवा रक्ताळ स्राव. दुखणं सुरुवातीला फार नसतं. चट्टा हळू वाढतो, महिन्यागणिक थोडाथोडा, म्हणूनच रुग्णालाही 'जुनीच कटकट' वाटते.

त्यात लाजेची भर पडते. साठी-सत्तरीतली बाई योनीमुखावरची खाज घरात कुणाला सांगत नाही, सुनेला तर नाहीच. युरोलॉजिस्टकडे फॉलोअपला जाते तेव्हा दुर्बिणीची तपासणी होते, पण बाहेरची त्वचा कुणी चांगल्या उजेडात बघेलच असं नाही. म्हणून रुग्णाने स्वतःच सांगावं: "डॉक्टर, खाली दोन महिन्यांपासून एक चट्टा आहे, मलमाने जात नाही, जरा बघता का?" एवढं एक वाक्य पुरतं.

आधी काय वगळायचं

मूत्राशयाच्या रुग्णाला जांघेत काही आलं की ते पॅजेटच, असं म्हणणंही चूक आहे. नेहमीचे आजार खूपच जास्त आढळतात, आणि त्यातले बरेच दहा मिनिटांत वगळता येतात.

नायटा असेल तर कड उंचावलेली, खवल्यांची आणि मध्यभाग त्यामानाने निवळलेला असतो. कडेचे खवले बोथट ब्लेडने खरवडून काचपट्टीवर १० ते २० टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या थेंबात ठेवले, की सूक्ष्मदर्शकाखाली बुरशीचे धागे दिसतात. मात्र क्लोबेटासोलसारखं तीव्र स्टेरॉइड असलेलं मिश्र मलम आधीच लावलेलं असेल तर नायट्याचं रूप बिघडतं आणि ओळख अवघड होते. दुकानातून आणलेल्या अशा मलमांनी दुहेरी नुकसान होतं. नायटा ओळखू येत नाही, आणि पॅजेटची खाज-लाली तात्पुरती कमी होऊन रुग्णाला वाटतं की औषध लागू पडतंय.

कॅंडिडा बुरशीत मुख्य लालीच्या बाहेर बारीक पुटकुळ्या विखुरलेल्या दिसतात. इथे मधुमेहाची औषधं विचारायलाच हवीत. डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या गटातल्या गोळ्यांनी लघवीतून साखर जाते आणि गुप्तांगावर कॅंडिडा वारंवार होतो. एरिथ्राझ्मा हा जिवाणूंचा चट्टा वुड्स लॅम्पखाली, म्हणजे अतिनील दिव्याखाली, पोवळ्यासारखा लाल चमकतो. दिवा लावायच्या आधी तो भाग धुतलेला नसावा, नाहीतर चमक दिसत नाही. घडीतला सोरायसिस, त्वचा पांढरी-पातळ करणारा लायकेन स्क्लेरोसस, लघवी गळून सतत ओल्या राहणाऱ्या त्वचेचा दाह, हेही यादीत असतात.

मूत्राशयाच्या रुग्णांच्या बाबतीत आणखी दोन गोष्टी वाट चुकवतात. एक म्हणजे बीसीजी, क्षयाच्या लशीतले सौम्य केलेले जिवंत जंतू, जे या कॅन्सरवर औषध म्हणून वापरतात. मूत्राशयात बीसीजीचे डोस घेणाऱ्या पुरुषांच्या शिश्नावर क्वचित त्याच जंतूंमुळे गाठी किंवा व्रण येतात. दिसायला कॅन्सरसारखे, तुकड्यात मात्र ग्रॅन्युलोमा (दाहाच्या पेशींचे पुंजके), आणि उपचार क्षयाच्या औषधांचा. दुसरी म्हणजे नवी औषधं. पसरलेल्या आजारात एन्फोर्टुमॅब व्हेडोटिन देतात. त्याने काख आणि जांघेसारख्या घड्यांत पुरळ उठू शकतं आणि कधी ते गंभीर रूप घेतं. अशा रुग्णाला नवं पुरळ आलं तर मलम लावून वाट बघत बसू नये, त्याच दिवशी ऑन्कॉलॉजिस्टला कळवावं.

हे सगळं बघून योग्य उपचार दिले आणि ४ ते ६ आठवड्यांत चट्टा गेला नाही, तर तुकडा काढायचा. मूत्राशयाच्या कॅन्सरचा इतिहास असेल आणि चट्टा लघवीच्या छिद्राला लागून असेल, तर एवढंही थांबण्यात अर्थ नाही.

तुकडा काढताना

बायोप्सी म्हटलं की रुग्ण घाबरतो. प्रत्यक्षात हे बाह्यरुग्ण विभागातलं काम आहे. लिग्नोकेनचं इंजेक्शन देऊन जागा बधिर करतात आणि ४ मिलिमीटरच्या गोल पंचने पूर्ण जाडीचा तुकडा काढतात, खालची थोडी चरबी येईपर्यंत. एखादा टाका पडतो. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर डॉक्टरांना आधी सांगायचं, पण स्वतःच्या मनाने ती बंद करायची नाही.

तुकडा कुठून घेतला यावर बरंच अवलंबून असतं. मध्यभागी सोलवटलेल्या, ओल्या जागेतून घेतला तर तिथे एपिडर्मिसच उरलेला नसतो. ज्या थरात आजार आहे तोच थर नाही, मग रिपोर्ट येतो 'व्रण आणि दाह'. जाड, शाबूत आणि सक्रिय दिसणाऱ्या भागातून, शक्यतो कडेच्या जरा आतून घ्यावा. चट्टा मोठा असेल तर दोन-तीन ठिकाणांहून घेऊन प्रत्येक तुकडा वेगळ्या बाटलीत, जागेचं नाव लिहून ठेवावा. वरवर तासून घेतलेला पातळ तुकडा टाळावा, कारण पेशी खालच्या थरात उतरल्या आहेत का हे त्यावरून कळत नाही. चिमट्याने दाबून उचललेल्या तुकड्यातल्या पेशी चेंगरतात आणि मग पॅथॉलॉजिस्टला काहीच सांगता येत नाही. सुईने किंवा कडेने अलगद उचलावा.

बाटलीत १० टक्के बफर्ड फॉर्मलिन हवं, तुकड्याच्या किमान दहापट. सलाइनमध्ये पाठवलेला तुकडा लॅबपर्यंत पोचेतो सडायला लागतो. हे लहान गावात अजूनही घडतं, विशेषतः नमुना दुसऱ्या शहरात जाणार असेल तेव्हा. फॉर्मलिनमध्ये किमान ६ तास मुरू द्यावा लागतो, नाहीतर पुढच्या विशेष चाचण्यांचे रंग नीट चढत नाहीत.

फॉर्मवरच्या दोन ओळी

सर्वांत स्वस्त आणि सर्वांत जास्त विसरली जाणारी पायरी म्हणजे बायोप्सीसोबतचा कागद. बऱ्याच फॉर्मवर एवढंच असतं: 'जांघेतील चट्टा, एक्झिमा?' पॅथॉलॉजिस्टने रुग्ण पाहिलेला नसतो. त्याला मूत्राशयाबद्दल कळण्याचा दुसरा मार्ग नाही.

फॉर्मवर असं काही हवं: 'वय ६८, स्त्री. ३ वर्षांपूर्वी मूत्राशयाचा हाय ग्रेड युरोथेलियल कॅन्सर, दोनदा परतला, बीसीजीचे डोस झाले. मूत्रमार्गाच्या तोंडापासून डाव्या बाजूला ३ सेंटीमीटरचा खाजरा चट्टा, ५ महिने, स्टेरॉइड मलमाने उतार नाही. दुय्यम पॅजेट आहे का पाहावे.' हे वाचल्यावर पॅथॉलॉजिस्ट चाचण्या वेगळ्या निवडतो. डॉक्टर घाईत असतील तर रुग्णाच्या मुलाने किंवा मुलीने मूत्राशयाच्या जुन्या बायोप्सीच्या रिपोर्टची झेरॉक्स फॉर्मला टाचून द्यावी. आमच्या मते निदान वाचवणारी यापेक्षा सोपी गोष्ट दुसरी नाही.

सूक्ष्मदर्शकाखाली काय बघतात

नेहमीच्या गुलाबी-जांभळ्या रंगात पॅजेट पेशी ओळखू येतात. मोठ्या, फिकट, भरपूर पेशीद्रव्याच्या, टपोऱ्या केंद्रकाच्या. एकेकट्या किंवा लहान घोळक्याने एपिडर्मिसमध्ये पसरलेल्या, खालच्या भागात जास्त, काही वरपर्यंत चढलेल्या. पण अशाच विखुरलेल्या फिकट पेशी मेलॅनोमात (त्वचेच्या रंगपेशींचा कॅन्सर) आणि बोवेन या आजारातही (त्वचेच्या वरच्या थरापुरता असलेला कॅन्सर) दिसू शकतात. आणि पॅजेट ठरलं तरी ते त्वचेतच जन्मलेलं आहे, गुदाशयातून आलंय की मूत्रमार्गातून, हे या रंगात सांगता येत नाही.

त्यासाठी इम्युनोहिस्टोकेमिस्ट्री करतात. त्याच तुकड्याचे ३-४ मायक्रॉन जाडीचे काप घेऊन प्रत्येकावर वेगळं प्रतिपिंड लावतात. पेशीत ते ते प्रथिन असेल तर तपकिरी रंग उमटतो. रिपोर्टवरची अक्षरं-आकडे हे त्याचेच.

त्वचेतच सुरू झालेल्या, म्हणजे प्राथमिक पॅजेटमध्ये साधारणपणे सीके७ पॉझिटिव्ह, सीके२० निगेटिव्ह, जीसीडीएफपी-१५ पॉझिटिव्ह आणि युरोप्लाकिन निगेटिव्ह येतं. मूत्रमार्गातून आलेल्यात सीके७ पॉझिटिव्हच असतं, पण सीके२० बहुधा पॉझिटिव्ह, युरोप्लाकिन पॉझिटिव्ह, पी६३ पॉझिटिव्ह आणि जीसीडीएफपी-१५ निगेटिव्ह. गुदाशयातून आलं असेल तर सीके२० सोबत सीडीएक्स-२ रंगतं. मेलॅनोमा असेल तर सॉक्स-१० आणि एस-१०० रंगतात, सीके७ नाही. बोवेनच्या पेशी पी६३ आणि सीके५/६ दाखवतात.

कागदावर हे सरळ वाटतं. व्यवहारात तीन ठिकाणी पाय घसरतो. पहिलं, गाटा-३. हे मूत्राशयाच्या कॅन्सरचं चिन्ह म्हणून प्रसिद्ध आहे, म्हणून 'गाटा-३ पॉझिटिव्ह, म्हणजे मूत्राशयातूनच' असा निष्कर्ष कधीकधी काढला जातो. पण त्वचेतल्या प्राथमिक पॅजेटमध्येही गाटा-३ जवळजवळ नेहमी पॉझिटिव्ह असतं. या दोघांत निवड करायला ते निरुपयोगी आहे. दुसरं, युरोप्लाकिन. पॉझिटिव्ह आलं तर भक्कम पुरावा, पण मूत्राशयाचे सगळेच कॅन्सर ते दाखवत नाहीत. हाय ग्रेड, म्हणजे जास्त आक्रमक पेशींच्या, आजारात ते हरवलेलंही असतं. म्हणजे निगेटिव्ह आलं म्हणून मूत्राशय सुटत नाही. तिसरं, पी६३. त्वचेच्या स्वतःच्या पेशीही त्याने रंगतात, त्यामुळे शेजारच्या निरोगी पेशींचा रंग पॅजेट पेशीचा समजला जाण्याची भीती असते. म्हणून एकाच चाचणीवर निकाल लावणारा रिपोर्ट आला तर तो संच पूर्ण करून मागावा. चार-पाच चाचण्या, आणि मूत्राशयाची जुनी स्लाइड शेजारी ठेवून तुलना. जुन्या गाठीत सीके२० आणि युरोप्लाकिन होतं का, हे बघितलं तर नव्या चट्ट्याचा अर्थ लावणं सोपं जातं.

नमुना दिल्यापासून नेहमीचा रिपोर्ट यायला काही दिवस आणि विशेष चाचण्यांना आणखी काही दिवस, असे आठवडा-दहा दिवस धरावेत.

मूळ कळल्याने काय बदलतं

२००२ मध्ये विल्किन्सन आणि ब्राउन यांनी योनीमुखाच्या पॅजेटचं वर्गीकरण मांडलं. त्वचेतून आलेलं, गुद-मोठ्या आतड्यातून आलेलं आणि मूत्रमार्गाच्या अस्तरातून आलेलं असे त्याचे गट आहेत. ही विभागणी थेट उपचार ठरवते.

प्राथमिक असेल तर चट्टा पुरेशी कड ठेवून कापणं, जिथे सोय आहे तिथे कडा जागेवर तपासत जाणारी मोज शस्त्रक्रिया, किंवा निवडक रुग्णांत ५ टक्के इमिक्विमोड मलम. दुय्यम असेल तर बाहेरच्या चट्ट्यावर मोठी शस्त्रक्रिया करून आजार हटत नाही, कारण पुरवठा आतून चालू असतो. योनीमुखाचा बराच भाग काढून टाकला आणि मूत्रमार्गातला आजार तसाच राहिला, तर रुग्णाने शस्त्रक्रिया भोगली आणि मिळालं काही नाही. इथे आधी मूत्रमार्ग आणि मूत्राशयाचा हिशोब लागतो.

उलट बाजूही लक्षात ठेवावी. मूत्राशयाचा कॅन्सर होऊन गेलेल्या माणसाला त्वचेतलं स्वतंत्र, प्राथमिक पॅजेटही होऊ शकतं. दोन आजार, दोन उगम. म्हणून इतिहासावरून अंदाज बांधायचा आणि तुकड्यावरून ठरवायचं.

पुढच्या तपासण्या

दुय्यम ठरलं की युरोलॉजिस्ट दुर्बिणीने मूत्राशयासोबत मूत्रमार्गही पूर्ण बघतात, आणि संशयास्पद जागांबरोबर वरून नीट दिसणाऱ्या भागातूनही तुकडे घेऊ शकतात, कारण सपाट कार्सिनोमा इन सिटू पांढऱ्या प्रकाशात निसटतो. निळ्या प्रकाशाची दुर्बीण असेल तिथे तो अधिक सापडतो. पुरुषांत प्रोस्टेटमधून जाणाऱ्या मूत्रमार्गाचा तुकडा विसरू नये. लघवीची सायटॉलॉजी (लघवीतल्या पेशींची सूक्ष्मदर्शकाखाली तपासणी) हाय ग्रेड आजाराला उपयोगी, लो ग्रेडला फारशी नाही. सकाळची पहिली लघवी यासाठी देऊ नये. रात्रभर साचलेल्या लघवीत पेशी कुजलेल्या असतात, त्यानंतरची ताजी द्यावी. किडनी आणि वरच्या नळ्यांसाठी सीटी युरोग्राफी करतात, पण आधी क्रिएटिनिन (किडनीचं काम दाखवणारी रक्ततपासणी) बघून. जांघेतल्या लसिका गाठी बोटांनी चाचपणं हे साधं काम तपासणीच्या गडबडीत राहून जातं.

पेट-सीटी नॉर्मल आला म्हणून चट्टा निरुपद्रवी ठरत नाही. एपिडर्मिसच्या जाडीतला सपाट आजार त्यात दिसत नाही. शिवाय पेटमध्ये वापरलेली किरणोत्सारी साखर लघवीतूनच बाहेर पडते, त्यामुळे मूत्राशयाचा भाग तसाही उजळलेला दिसतो आणि आतलं बारीक काही झाकलं जातं.

चट्टा नसून गाठ असेल तर

त्वचेखाली टणक, न दुखणारी, आठवड्यांत वाढणारी गाठ हे वेगळं प्रकरण. मूत्राशयाचा कॅन्सर रक्तातून किंवा लसिकेतून त्वचेवर पसरणं दुर्मीळ आहे. पसरला तर बहुधा पोटाच्या खालच्या भागात, जांघेत, मांडीवर. जुन्या ऑपरेशनच्या टाक्यांत, दुर्बिणीने केलेल्या शस्त्रक्रियेच्या छिद्रात, किंवा पोटातून घातलेल्या कॅथेटरच्या वाटेवर पेशी रुजल्याच्याही नोंदी आहेत. कधीकधी तो धावऱ्यासारखा लाल सूजलेला पट्टा किंवा नागिणीसारखा एका बाजूचा पुरळांचा पट्टा होऊन येतो. अँटिबायोटिक किंवा नागिणीच्या गोळ्यांचा कोर्स संपला तरी तो जागचा हलत नाही. गाठीसाठी सुईने पेशी काढून तपासणं चालतं. सपाट चट्ट्यासाठी ते चालत नाही, तिथे तुकडाच लागतो.

त्वचा आणि मूत्रमार्ग यांना जोडणारे आणखी दोन दुवे आहेत. म्यूर-टोरे हा लिंच सिंड्रोमचा, म्हणजे कॅन्सरचा धोका वाढवणाऱ्या एका आनुवंशिक दोषाचाच, एक प्रकार. यात त्वचेच्या तैलग्रंथींच्या गाठी येतात आणि सोबत आतड्याचा, गर्भाशयाचा, किडनीतून येणाऱ्या नळीचा किंवा मूत्राशयाचा कॅन्सर होऊ शकतो. एमएसएच-२ या जनुकातला दोष त्यात सर्वांत जास्त आढळतो. चेहऱ्यावर वा अंगावर तैलग्रंथीची गाठ निघाली आणि रुग्णाला मूत्रमार्गाचा कॅन्सर होऊन गेला असेल, तर त्या गाठीवर एमएलएच-१, एमएसएच-२, एमएसएच-६ आणि पीएमएस-२ या चार प्रथिनांची चाचणी मागावी. पापणीवरची तैलग्रंथीची गाठ मात्र भारतात एरवीही बऱ्यापैकी दिसते, तिचा संबंध दर वेळी लिंचशी नसतो.

दुसरा दुवा पाण्यातल्या आर्सेनिकचा. वर्षानुवर्षं असं पाणी प्यायल्यावर तळहात-तळपायांवर खरबरीत कण, अंगावर पावसाच्या थेंबांसारखे ठिपके, कपड्याखालच्या त्वचेवर बोवेनचे अनेक चट्टे, आणि पुढे मूत्राशयाचा कॅन्सर, अशी साखळी दिसते. पिण्याच्या पाण्यातली मर्यादा लिटरमागे १० मायक्रोग्रॅम आहे. हा प्रश्न मुख्यतः बंगाल-बिहारच्या गंगाखोऱ्यातला, पण छत्तीसगडमधल्या अंबागड चौकीजवळच्या कौडीकसा भागातही तो आहे, आणि तिथून गडचिरोलीची हद्द फार लांब नाही. अशा भागात राहून आलेल्या रुग्णाला 'कुठल्या विहिरीचं, कुठल्या हातपंपाचं पाणी प्यायचात?' हे विचारायला हवं.

रिपोर्ट हातात आल्यावर

रिपोर्टसोबत ब्लॉक आणि स्लाइड मागून घ्या. ब्लॉक म्हणजे मेणात गोठवलेला तुमचा तुकडा. टाटा मेमोरियलसारख्या केंद्रात गेलात तर तिथे बाहेरचा रिपोर्ट वाचून थांबत नाहीत, ब्लॉक-स्लाइड स्वतः पुन्हा बघतात. ब्लॉक हरवला तर पुन्हा तुकडा काढावा लागतो. तो उन्हात, गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवू नका, मेण वितळतं. मूत्राशयाच्या जुन्या शस्त्रक्रियेचा ब्लॉकही त्याच पिशवीत असू द्या.

रिपोर्ट 'दाह, कॅन्सर नाही' असा आला आणि चट्टा तरीही राहिला, तर पहिल्या तुकड्यावर विसंबू नये. जागा बदलून पुन्हा घ्यावा. चट्ट्याचा मोबाइलवर महिन्यातून एकदा फोटो काढून ठेवावा, शेजारी एक रुपयाचं नाणं ठेवून, म्हणजे वाढ मोजता येते. त्वचारोगतज्ज्ञ आणि युरोलॉजिस्ट वेगवेगळ्या दवाखान्यांत असतील तर दोघांच्या फाइलमध्ये एकमेकांचे रिपोर्ट लावण्याचं काम घरच्यांपैकी एकाने अंगावर घ्यावं. हाय ग्रेड आजारात पहिली दोन वर्षं दर ३ महिन्यांनी आणि मग पाचव्या वर्षापर्यंत दर ६ महिन्यांनी दुर्बिणीची तपासणी ठरलेलीच असते. त्या प्रत्येक वेळी टेबलावर झोपलेले असतानाच बाहेरची त्वचा, छिद्राभोवतीची जागा आणि दोन्ही जांघा बघून घ्यायला सांगा. त्याला दोन मिनिटंही लागत नाहीत.